पोर्टापोर्टाला दोन एमबीपीएसची कुलपं लावून फोन सुधारत नाहीत

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. भोसरी एमआयडीसीत तुमचं खाली टूल-रूम आणि वर डिझाइनचं ऑफिस. पंचेचाळीस माणसं, ५० एमबीपीएसची (सेकंदाला ५० मेगाबिट) लीज लाइन, मायक्रोटिकचा राउटर आणि सेकंड हँड घेतलेले सिस्को २९६०-एस स्विच. प्रत्येक टेबलावर आयपी फोन, आणि फोनच्या मागून निघालेल्या केबलवर कॉम्प्युटर. सकाळी अकरानंतर फोनवर आवाज तुटायचा, म्हणून तुम्ही स्विचवर क्यूओएस (कोणत्या रहदारीला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) चालू केलं आणि टेबलांच्या प्रत्येक पोर्टाला इनपुट बाजूनं दोन एमबीपीएसचा पोलिसर (ठरल्या वेगापेक्षा जास्त आलेला डेटा फेकणारी मर्यादा) लावला, बर्स्ट (एका दमात जाऊ देण्याची मुभा) ८००० बाइट. आता आवाज आधीपेक्षा जास्त तुटतोय, आणि वर डिझाइनवाले म्हणताहेत की ड्रॉइंग सेव्ह व्हायला पंधरा मिनिटं लागतात, सर्व्हर बदला. तुमचा प्रश्न एवढाच, की दोनाच्या जागी कोणता आकडा टाकू?

कोणताच नको. ते पोलिसर आज संध्याकाळीच काढा आणि मग पुढचं वाचा. सर्व्हरला हात लावू नका, त्याची काही चूक नाही.

एकाच वेळी तीन गोष्टी बिघडल्यात. पहिली दिशेची. 'इनपुट' हा शब्द स्विचच्या बाजूनं वाचायचा असतो: टेबलावरून स्विचमध्ये येणारं ते इनपुट, म्हणजे त्या माणसाचं अपलोड. त्याचं डाउनलोड त्याच पोर्टातून बाहेर पडतं, ते आउटपुट. म्हणजे दुपारी व्हिडिओ बघत बसणाऱ्याला तुमच्या कुलपाचा पत्ताच लागला नाही. फटका बसला तो सेव्ह करणाऱ्याला. पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, इंटरनेटला निघालंय की शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरला, हे पोलिसर विचारत नाही. पोर्टात शिरलं की मोजलं. २०० एमबीची असेंब्ली फाइल म्हणजे १६०० मेगाबिट. दोन एमबीपीएसनं ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटं वीस सेकंद. गळती धरून पंधरा. एक गिगाबिटची केबल असताना! सर्व्हरच्या आणि राउटरच्या पोर्टाला हे लावलं नाहीत एवढं नशीब.

दुसरी गोष्ट फोनची. फोन आणि कॉम्प्युटर एकाच पोर्टावर आहेत, म्हणजे दोन एमबीपीएसचा वाटा, त्याला बादली म्हणू, तोही दोघांत एकच. देशपांडे बाई ड्रॉइंग सेव्ह करतात त्या पंधरा मिनिटांत त्यांचा कॉम्प्युटर ती बादली सतत कोरडी ठेवतो, आणि त्याच वेळी त्या फोनवर बोलत असतील तर आवाजाची पॅकेटंही तिथेच मरतात. पूर्वी आवाज लाइन भरली की तुटायचा, आता लाइन मोकळी असतानाही तुटतो. 'आधीपेक्षा वाईट' याचं कारण हे.

तिसरी गोष्ट २९६० घराण्याची, आणि हिच्यात मी स्वतः पहिल्यांदा दोन दिवस अडकलो होतो. 'एमएलएस क्यूओएस' ही एक ओळ मारली की तो स्विच सगळ्या पोर्टांना अविश्वासू समजायला लागतो. जोवर तुम्ही पोर्टावर 'ट्रस्ट' सांगत नाही किंवा पॉलिसीत मार्किंग करत नाही, तोवर आत येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचं डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) पुसून शून्य केलं जातं. तुमचा फोन बिचारा प्रत्येक पॅकेटवर ४६, म्हणजे ईएफ (तातडीचं), असा शिक्का मारून पाठवतो. स्विच तो शिक्का पुसतो. क्यूओएस बंद होतं तेव्हा निदान शिक्का राउटरपर्यंत शाबूत पोचत तरी होता. शिवाय पोर्टाचा बफर (थांबलेली पॅकेटं ठेवायची जागा) त्या ओळीनंतर चार रांगांत वाटला जातो, आणि शून्य शिक्क्याची सगळी रहदारी दुसऱ्या रांगेत जाते. म्हणजे जवळपास सगळं ऑफिस पाव हिश्श्यावर. 'काही बदल केला नाही, नुसतं क्यूओएस ऑन केलं आणि ड्रॉप वाढले' ही तक्रार इथूनच येते.

आता त्या बर्स्टच्या आकड्याकडे जरा जवळून बघू, कारण पोलिसिंग आणि शेपिंग यांतला फरक तिथेच दिसतो.

पोलिसरजवळ टोकनची एक बादली असते. तुमची ८००० बाइटची. दोन एमबीपीएसच्या वेगानं तिच्यात टोकन पडत राहतात, भरली की वरचं सांडतं. पॅकेट आलं की त्याच्या आकाराइतके टोकन उचलायचे. नसतील तर पॅकेट फेकायचं. आता कॉम्प्युटर फाइल पाठवायला सुरुवात करतो. टीसीपी (पोचपावती घेत डेटा पाठवायची पद्धत) उत्तराची वाट न बघता पहिल्या दमात साधारण दहा पॅकेटं सोडतं. २०१३ च्या आरएफसी ६९२८ या इंटरनेटच्या दस्तऐवजापासून हीच रीत आहे. पूर्ण पॅकेट दीड हजार बाइटचं. गिगाबिट केबलवर एक पॅकेट १२ मायक्रोसेकंदांत येतं, दहा पॅकेटं १२० मायक्रोसेकंदांत. तेवढ्या वेळात दोन एमबीपीएसनं बादलीत किती भर पडते? तीस बाइट. म्हणजे पाच पॅकेटं गेली आणि सहाव्यापासून सगळी कचऱ्यात. टीसीपीला वाटतं पुढे भयंकर कोंडी आहे, ते पाऊल आखडतं, वाट बघतं, परत पाठवतं, परत आपटतं. म्हणून इतक्या छोट्या बर्स्टवर दोनाचे दोनही मिळत नाहीत. बर्स्ट वाढवला की हे बरंच सुधारतं, पण मुळात इथे पोलिसरच नको.

शेपर हेच टोकन मोजतो, पण टोकन नसले तर पॅकेट फेकत नाही, रांगेत उभं करतो आणि टोकन आले की सोडतो. आपल्याकडच्या भाषेत, पोलिसर म्हणजे नो एंट्रीच्या तोंडाशी उभा असलेला मामा, आलात की परत. शेपर म्हणजे सिग्नल. सिग्नलला वेळ जातो पण गाडी पोचते. आणि सिग्नलला एक जास्तीचा फायदा आहे जो मामाकडे नाही: रांग लागली की ॲम्ब्युलन्स पुढे काढता येते. पोलिसरकडे रांगच नसते, त्यामुळे त्याच्याकडे प्राधान्य नावाची गोष्टही नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकीचं उत्तर त्याचाच विस्तार: प्राधान्य रांगेतच देता येतं, आणि रांग तिथेच लागते जिथं रस्ता अरुंद होतो. तुमचा रस्ता कुठे अरुंद होतो? टेबल ते स्विच एक गिगाबिट. स्विच ते राउटर एक गिगाबिट. राउटर ते भिंतीवरचा कंपनीचा डबा, तेही एक गिगाबिट. पन्नासाची मर्यादा त्या डब्याच्या पलीकडे, प्रोव्हायडरच्या यंत्रात आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसात कुठेही रांग लागतच नाही! स्विचनं कितीही शिस्तीत चार रांगा मांडल्या तरी त्या रिकाम्या असतात. सगळी वाहतूक मोकळ्या गिगाबिटवरून धावत जाऊन पलीकडच्या यंत्रावर आदळते, आणि तिथे तुमचा ईएफचा शिक्का कोणी विचारत नाही.

तिथला बफर किती लांब हेही तुमच्या हातात नाही. समजा तो दोन एमबीचा आहे. सोळा मेगाबिट, पन्नासाच्या वेगानं रिकामा व्हायला ३२० मिलिसेकंद. आवाजासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते. म्हणजे कोणीतरी ग्राहकाला मोठी फाइल पाठवत असताना तुमचा आवाज त्या फाइलच्या मागे तिसरा हिस्सा सेकंद उभा. समोरचा 'हॅलो, हॅलो' करतो ते यामुळे. बफर छोटा असेल तर उलटं: उशीर नाही, पण पॅकेटं गळतात, आणि आवाज खरखरतो. अकरानंतरच का? कारण अकराला चहा होऊन सगळे कामाला लागलेले असतात.

तर उपाय असा की रांग घरी आणायची. आपल्याच यंत्रात लाइनपेक्षा थोडा कमी वेग लावायचा, म्हणजे अरुंद जागा आपल्या ताब्यात येते, पलीकडचं यंत्र कधी भरतच नाही, आणि कोण पुढे जाणार ते आपण ठरवतो. त्यासाठी चार-पाच एमबीपीएस सोडून द्यावे लागतात. मालकांना हे पटवणं सगळ्यात अवघड काम. 'पन्नासाचे पैसे भरतो आणि तुम्ही पंचेचाळीसच वापरा म्हणता?' हे मी प्रत्येक ठिकाणी ऐकलंय. हो, म्हणतो.

हे काम तुमच्याकडे राउटरचं आहे, स्विचचं नाही. मायक्रोटिकमध्ये क्यू ट्री (एका मूळ रांगेखाली मांडलेल्या रांगा) घ्या. अपलोडसाठी मूळ क्यू बाहेरच्या इंटरफेसवर, मॅक्स-लिमिट (कमाल वेग) ४६ एमबीपीएस. डाउनलोडसाठी मूळ क्यू आतल्या, म्हणजे स्विचकडच्या इंटरफेसवर, मॅक्स-लिमिट ४५. डाउनलोड तर आधीच लाइनवरून येऊन चुकलेलं असतं, मग आत सोडताना अडवून काय फायदा, असं वाटेल. फायदा असा की आपण पॅकेट जरा थांबवलं की पोचपावतीही उशिरा जाते, आणि पलीकडचा पाठवणारा आपोआप सावकाश होतो. टीसीपी आणि ब्राउझर वापरतात ते क्विक, दोन्ही हे ऐकतात. साधा यूडीपीचा (पोचपावती न मागता पाठवलेल्या पॅकेटांचा) धबधबा ऐकत नाही, त्याला इलाज नाही. पण ऑफिसात तो क्वचित.

मूळ क्यूला मॅक्स-लिमिट द्यायचं विसरू नका. ते नसेल तर रांग लागत नाही आणि खालच्या सगळ्या प्राधान्यांना अर्थ उरत नाही. तसंच डाउनलोडचा मार्क (पॅकेट कोणत्या क्यूत जायचं ती खूण) फक्त बाहेरच्या इंटरफेसवरून आलेल्या पॅकेटांनाच लावा. फोनचा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असेल तर त्यांच्यातली आपसातली वाहतूकही राउटरच्या त्याच पोर्टातून जाते, आणि तीही पंचेचाळिसात कोंबली गेली तर परत 'सर्व्हर बदला' सुरू होईल.

आणि फास्टट्रॅक. मायक्रोटिकच्या तयार फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा, म्हणजे पॅकेटं आडवाटेनं झटपट सोडण्याचा, एक नियम आधीपासून असतो. त्यातून गेलेलं पॅकेट मँगलच्या मार्किंगला (वरची खूण तिथेच लागते) आणि सिंपल क्यूला बगल देऊन जातं. क्यू सगळे सुंदर मांडलेले, आकडे मात्र शून्यच्या शून्य, असं दिसलं तर पहिल्यांदा तो नियम बंद करा. प्रोसेसरवर ताण वाढेल, पण पन्नास एमबीपीएसला आजचा कुठलाही मायक्रोटिक पुरून उरतो.

आता वाटप. पंचेचाळीस माणसांत पंचेचाळीस एमबीपीएस, प्रत्येकाला एक, हा हिशेब कागदावर फार न्यायाचा दिसतो. वाढदिवसाचा केक कापावा तसा. पण नेटवर्क केक नाही. ज्याला या क्षणी नको त्याचा तुकडा पुढच्या क्षणापर्यंत टिकत नाही, वाया जातो. म्हणून वाटप करताना दोन आकडे ठेवायचे: हमी आणि कमाल. मायक्रोटिक त्यांना लिमिट-ॲट आणि मॅक्स-लिमिट म्हणतो. गर्दीत हमीइतकं मिळणारच. गर्दी नसेल तेव्हा कमालपर्यंत उसनं घ्यायचं. आणि माणसांना नाही, कामांना वाटायचं.

फोनचा हिशेब आधी, कारण तो अगदी नेमका निघतो. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. आवाज १६० बाइट, त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी यांची चाळीस बाइटची पाकिटं, वर इथरनेटची अठरा. २१८ बाइट, गुणिले आठ, गुणिले पन्नास: ८७.२ केबीपीएस, एका दिशेला. एकावेळी पंधरा कॉल धरले तरी १.३ एमबीपीएस. बघा, ज्याच्यासाठी एवढा आटापिटा चाललाय त्याला लागतो पन्नासातला दीड. फोनला बँडविड्थ कमी पडत नव्हती, नंबर लागत नव्हता.

तर फोनला हमी ३ एमबीपीएस, कमाल ५, प्राधान्य १ (१ सगळ्यात वरचं, ८ सगळ्यात खालचं). व्हिडिओ मीटिंगना हमी १५. चाकणच्या ग्राहकांशी होणारी ड्रॉइंगची देवघेव आणि व्हीपीएन, हमी १२. बाकी ब्राउझिंग, मेल, हमी १२. विंडोज अपडेट आणि क्लाउड बॅकअप, हमी २, प्राधान्य ८. फोन सोडून सगळ्यांची कमाल मूळ क्यूइतकी. हम्यांची बेरीज ४४ झाली. मूळ मर्यादेच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर हमी ही निवडणुकीतल्या आश्वासनासारखी होते. बॅकअपला दोनच का, असं तुमचा सिस्टिमवाला म्हणेल. रात्री आठनंतर त्याला पंचेचाळीस मिळतात, कारण दुसरं कोणी मागत नाही. वेळापत्रक लावायचीही गरज नाही.

प्रत्येक क्यूच्या आत कोणती पद्धत ठेवायची? मायक्रोटिकच्या राउटरओएस सातव्या आवृत्तीत असाल तर फोन सोडून बाकीच्यांना एफक्यू-कोडेल. तो प्रत्येक कनेक्शनची वेगळी छोटी रांग करतो आणि जुनं साचलेलं पॅकेट वेळीच टाकतो, त्यामुळे एकाच्या मोठ्या डाउनलोडमागे दुसऱ्याचं मेल अडकत नाही. कोडेल हे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचं २०१२ चं काम. खरं सांगायचं तर छोट्या ऑफिसला मी आता आधी नुसतं मूळ मर्यादा आणि एफक्यू-कोडेल किंवा केक (त्याच जातीची दुसरी पद्धत, वाढदिवसाचा नव्हे) एवढंच लावून देतो, आणि आठवडाभर बघतो. बहुतेकांचा त्रास तेवढ्यातच संपतो, वरचे पाच वर्ग करायची वेळच येत नाही. तुमच्याकडे फोन पंचेचाळीस आहेत म्हणून वर्ग सांगितले.

मग स्विचनं काय करायचं? शिक्के. कोणाच्या पॅकेटवर कोणता शिक्का असावा हे दाराशी ठरवायचं, आणि दार म्हणजे स्विच. तुमचे फोन सिस्कोचे नसतील तर 'ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन'च्या नादी लागू नका. समोर सिस्कोचा फोन ओळखता आला नाही तर तो विश्वास लागूच होत नाही. त्याऐवजी फोनचा व्हीलॅन वेगळा करा, फोनच्या सबनेटवरून एक्सचेंजकडे जाणाऱ्या यूडीपीची ॲक्सेस लिस्ट (कोणती पॅकेटं ते सांगणारी यादी) बनवा, क्लास-मॅपमध्ये ती जुळवा, आणि पॉलिसीत 'सेट डीएससीपी ईएफ'. त्याच वर्गावर एक एमबीपीएसचा पोलिसर ठेवा. हो, पोलिसर! इथे तो योग्य आहे. एका फोनला ८७ केबीपीएस लागतात, तर पोर्टामागे एक एमबीपीएस म्हणजे भरपूर; त्याहून जास्त कोणी ईएफ पाठवत असेल तर तो फोन नाही, फोनचं सोंग आहे. बाकी सगळ्यांना 'सेट डीएससीपी डिफॉल्ट', आणि त्यांच्यावर कसलीही मर्यादा नको.

हे सोंगाचं मी उगीच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी कर्वे रस्त्याजवळच्या एका सीएंच्या ऑफिसात मी घाईत सगळ्याच पोर्टांना 'ट्रस्ट डीएससीपी' देऊन आलो, आणि राउटरकडचा पोर्ट लाइनच्या वेगाला बांधून त्यावर 'प्रायॉरिटी-क्यू आउट'. तीस एमबीपीएसची लाइन होती. फोन एकदम स्वच्छ, मी खूश. पुढच्या महिन्यात त्यांनी कॅमेरे बसवले. बसवणाऱ्यानं कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये डीएससीपी ४६ ठेवलं, आणि रेकॉर्डिंग क्लाउडवर. आठ कॅमेरे, चार-चार एमबीपीएस, सगळे ईएफचा शिक्का मिरवत. वीस तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायची शेवटची घाई, आणि ऑफिसातून एक पान उघडेना. दिवसभर सगळे 'साइट बंद असेल' म्हणून थांबून राहिले. संध्याकाळी सहाला फोन आला मला. साइट बंद नव्हती. माझ्या प्राधान्य-रांगेत कॅमेरे अखंड पुढे जात होते आणि मागच्या रांगांचा नंबरच येत नव्हता.

प्राधान्य-रांग अशीच असते: ती पूर्ण रिकामी होईपर्यंत दुसऱ्या कोणाला सोडत नाही. विसर्जनाला मानाचे पाच गणपती लक्ष्मी रस्त्यानं आधी जातात, बाकीची मंडळं थांबतात. पाचच आहेत म्हणून निभतं. उद्या प्रत्येक गल्लीनं 'आमचाही मानाचाच' म्हटलं तर अलका चौकात पोचणार कोण? म्हणून प्राधान्य-रांगेत काय शिरतं त्यावर दाराशी मोजमाप हवंच.

समजा राउटर साधा असता आणि सगळं स्विचवरच करायची वेळ आली असती, तर? जमतं, थोडं ओढूनताणून. २९६० वर 'एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट' नावाची कमांड आहे, पोर्टाच्या बाहेर पडणाऱ्या वेगाला टक्क्यांत मर्यादा घालते. १० ते ९०. म्हणजे गिगाबिट पोर्टावर १०० एमबीपीएसच्या खाली जाताच येत नाही. म्हणून राउटरकडचा पोर्ट १०० वर आणायचा आणि ४५ टक्के द्यायचे. टक्केही हार्डवेअरमध्ये साधारण सहा-सहाच्या पायरीनं बसतात, तेव्हा मोजून घ्या. पोर्टाचा वेग बांधायचा असेल तर दोन्ही टोकांना सारखा बांधा. एका बाजूला ठोकून फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना) आणि दुसऱ्या बाजूला ऑटो राहिलं की दुसरी बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जाते आणि मग जे काही होतं ते क्यूओएसनं सुधारत नाही. ही झाली अपलोडची बाजू. डाउनलोडसाठी लाइनची केबल आधी स्विचवर वेगळ्या व्हीलॅनमध्ये घेऊन तिथून राउटरच्या बाहेरच्या पोर्टाला द्यायची आणि त्या पोर्टावर मर्यादा लावायची. मी हे केलंय, पण आवडीनं नाही. ॲक्सेस स्विचचे बफर उथळ असतात, रांग जरा वाढली की सांडते, आणि शेपर म्हणवणारा तो प्रत्यक्षात पोलिसरसारखा वागायला लागतो.

त्याच कुटुंबातली आणखी एक कमांड लोकांना हमखास फसवते. 'एसआरआर-क्यू बँडविड्थ शेप २५ ० ० ०' बघून सगळे समजतात पहिल्या रांगेला २५ टक्के. नाही. शेपमधला आकडा उलटा वाचायचा: पंचवीसावा भाग, म्हणजे चार टक्के. शून्य म्हणजे त्या रांगेला शेप नाही, ती 'शेअर'च्या वाटणीत. आणि शेअरमधले आकडे मात्र सरळ प्रमाणात. एकाच स्विचवर एक आकडा उलटा आणि एक सुलटा. पहिली रांग प्राधान्याची केली असेल तर तिचा शेपचा आकडा धरलाच जात नाही.

ज्यांच्याकडे सिस्कोचे नवे कॅटॅलिस्ट ९२०० किंवा ९३०० आहेत त्यांना ही एमएलएसची भानगड नाही. तिथे क्लास-मॅप, पॉलिसी-मॅप आणि 'शेप ॲव्हरेज' असं सरळ काम. वेब पान असलेल्या स्वस्त स्मार्ट स्विचवर 'बँडविड्थ कंट्रोल' नावाखाली पोर्टामागे इनग्रेस (स्विचमध्ये येणारं) आणि एग्रेस (बाहेर पडणारं) असे दोन रकाने असतात. भाडेकरूला किंवा गेस्ट वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला आवर घालायला ते ठीक आहेत, आणि त्याला डाउनलोड कमी मिळावं असं वाटत असेल तर एग्रेसचा रकाना भरायचा. त्याहून जास्त अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका. आणि त्याच पानावर फ्लो कंट्रोलचा टिकमार्क दिसेल, तो बंद ठेवा. एका संथ पोर्टासाठी स्विच समोरच्या यंत्राला 'थांब' म्हणतो आणि त्या यंत्राचं सगळंच थांबतं, आवाजासकट.

लावून झालं की तपासायचं कसं. एका कॉम्प्युटरवरून मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा. लाइन रिकामी असताना पुण्याहून पाच-दहा मिलिसेकंदांत उत्तर येतं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मोठी फाइल वर चढवायला लावा. आज हा आकडा दोनशे-तीनशेवर उडेल, बघाच एकदा, म्हणजे मी काय म्हणतोय ते पटेल. क्यू लावल्यावर तो वीस-पंचवीसच्या आसपास राहिला पाहिजे. नाही राहिला तर मूळ मर्यादा एकेक एमबीपीएसनं खाली आणा, राहिला तर हळूहळू वर न्या. माझे ४६ आणि ४५ हे सुरुवातीचे आकडे आहेत. प्रोव्हायडर मोजताना इथरनेटची पाकिटं धरतो की नाही यावर ते एक-दोननं इकडेतिकडे होतात. डाउनलोडचीही अशीच वेगळी चाचणी घ्या.

स्विचवर 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस' पोर्ट आणि शेवटी 'स्टॅटिस्टिक्स' हे बघा. त्यात कोणत्या डीएससीपीची किती पॅकेटं आली-गेली, कोणत्या रांगेतून किती टाकली आणि पोलिसरनं किती अडवली ते दिसतं. ४६ च्या जागेला आकडा वाढत असेल तर शिक्का बसतोय. 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस'कडे मात्र बघू नका. या स्विचवर ती कमांड चालते, आकडे दाखवते, आणि ते आकडे धरायचे नसतात असं सिस्कोच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. त्या शून्यांकडे बघून मी एकदा चांगली चालणारी पॉलिसी तीनदा नव्यानं लिहिली आहे.

काम गुरुवारी काढा, तुमच्या भागात सुट्टी असते. आधी पोलिसर काढणं, मग राउटरवरच्या मूळ मर्यादा आणि पिंगची चाचणी, मग शिक्के, शेवटी वर्ग; प्रत्येक पायरीनंतर एकदा फोन लावून बघायचा. लांबून लॉगिन करून करणार असाल तर सुरुवातीला चालू असलेलं सेव्ह करून 'रीलोड इन ३०' टाका, म्हणजे हातून पोर्टच बंद पडला तर अर्ध्या तासात स्विच स्वतःहून जुन्या अवस्थेत येईल; सगळं नीट झालं की 'रीलोड कॅन्सल' आणि 'राइट मेमरी'. ही शेवटची ओळ जेवायला जायच्या आधी मारा. महावितरणचं देखभालीचं कामही गुरुवारीच निघतं, आणि तुमच्या रॅकमध्ये यूपीएस आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही.